घर रिकामं करा

दरड कोसळल्यानंतर तिसऱ्या दिवशी आपत्ती विभागाच्या संचालक उज्ज्वला घाणेकर छावणीत आल्या. त्यांच्या विभागाचं इशारे देणारं यंत्र चाळीस बोली अस्खलित बोलायचं. दरडीच्या दोन तास आधी त्याने भोंग्यावरून कोंडपाड्यातल्या लोकांना त्यांच्याच बोलीत बजावलं होतं, "घर रिकामं करा." तरी कुणी हललं नाही. नऊ माणसं गाडली गेली.

"तुम्ही निघाला का नाहीत?" त्यांनी दरडीतून वाचलेल्या झिपरीबाईला विचारलं.

झिपरीबाई बराच वेळ बोलली. शेजारी बसलेल्या निवृत्त प्राध्यापक तिरमारे सरांनी ते मराठीत सांगितलं. "यांच्या बोलीत घर रिकामं करणं म्हणजे सुतक धरणं. सुतकात उंबरा ओलांडत नाहीत. कुणीतरी गेलं असं समजून सगळे दारं लावून बसले."

असे इशारे बोलींत करून देणारा सरांचा बोलीविभाग बंद करण्याच्या आदेशावर सही उज्ज्वलाबाईंचीच होती. 'यंत्र असताना माणसं कशाला?' हा शेराही त्यांचाच.

"कोन ही बाय?" झिपरीबाईने मोडक्या मराठीत विचारलं.

"सरकारातल्या आहेत. तुमची बोली शिकायला आल्यात," सर म्हणाले.

झिपरीबाईने सरकून आपल्या चटईवर जागा करून दिली. उज्ज्वलाबाई बसल्या, पण त्यांना मान वर करवेना.

"सर, त्यांना खरं काय ते सांगा," त्या पुटपुटल्या.

"ते तुम्हीच सांगा," सर म्हणाले. "त्यांच्या बोलीत. मी शिकवतो."