रूथबाईचा अंगठा

वलगावातल्या माझ्या रेशन दुकानात मशीननं चौथ्यांदा तेच सांगितलं, ओळख पटली नाही. रूथबाईनं अंगठा पदराला पुसून पुन्हा टेकवला. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं ब्लीचिंगच्या पाण्यात चादरी धुऊन धुऊन त्यावर एकही रेघ उरली नव्हती. रांगेतून कोणीतरी ओरडलं, “ओ बाई, सरका नं बाजूले!” मलाच शरम वाटली. “मावशी, काय करू? मशीन तुमाले ओळखूनच नाही राहिली.” वाटलं, आता ही रडणार. ती मात्र तो गुळगुळीत अंगठा माझ्यापुढं धरून हसली. “तनवीर, तोंड कावून पाडून राहिला तू? माह्या प्रभूनं मले आपल्या तळहातावर कोरलं हाय. माहा अंगठा झिजला, त्याचा तळहात थोडाच झिजते?” मी मशीन बाजूला सारली आणि तिची पिशवी भरायला घेतली. रांगेत सगळे आपापले अंगठे निरखत होते.