निळा टी-शर्ट

हॉस्टेलवर सीनियर मुलींचा एक ग्रुप होता. दरवर्षी त्या फर्स्ट इयरच्या एकाच मुलीला आपल्यात घेत आणि ग्रुपचा निळा टी-शर्ट देत. त्यातल्या हिंजवडीत नोकरीला लागलेल्या मुली कंपनीत ग्रुपमधल्यांचीच नावं सुचवत. मी वर्षभर त्यांची जर्नल्स उतरवून दिली. टी-शर्ट मिळाला प्रणिताला. यवतमाळहून आम्ही दोघी एकाच एसटीने पुण्याला आलो, एकाच खोलीत राहिलो. मी हसून तिचं अभिनंदन केलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले, तर ती टी-शर्टची घडी घालत होती. "परत देऊन येते," ती म्हणाली. मी विचारलं, "का?" "तू नाही तं मी तिथं काय करू?" ती जिना उतरून गेली. मी तिला थांबवलं नाही. मला हवं होतं ते तिला सहज सोडता आलं, याचाच जास्त हेवा वाटला.