तू पास झालास की

"अडतीस," मिलिंद म्हणाला आणि मोबाइल पालथा ठेवला.

ऑडिटमध्ये दोन मार्कांनी गेला. त्याच्या आधीच्या खेपेला टॅक्समध्ये असाच गचकला होता, तेव्हा ऑडिट मात्र झकास गेलं होतं. सी.ए. फायनलचं हे असंच. एका विषयात लटकलात की पुन्हा सगळा ग्रुप द्या.

त्याच्या आईने, जनाबाईंनी, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मिलिंदचे वडील अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाले, पण पोराच्या नावापुढे सी.ए. लागलेलं बघायचं त्यांच्या नशिबात नव्हतं. जाण्याआधी त्यांनी सुनेचा हात धरला होता. "ह्याला पास करून दे, पोरी." संध्याने मान हलवली होती.

आणि संध्या शब्दाची पक्की. सकाळी बदलापूरहून स्कूटीवर अंबरनाथची एमआयडीसी गाठायची, रंगाच्या कंपनीत दिवसभर डिस्पॅच सांभाळायची, येताना भाजी आणायची. घर तिच्या पगारावर चालायचं. मिलिंद फक्त दुपारचा उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका कापडवाल्याचे हिशेब लिहायला जायचा. कोणी पाहुणा यायचं म्हणाला तर संध्या फोनवरच सांगायची, "परीक्षा झाल्यावर या." बिल्डिंगमधल्या बायका आपापल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या, आणि सुना मनातल्या मनात तिला शिव्या घालायच्या.

"पुन्हा फॉर्म भर," संध्या म्हणाली. चहात साखर टाकता टाकता पुढचं नेहमीचं वाक्य आलंच. "तू एकदा पास हो बाबा, म्हणजे मी सुटले."

जनाबाई हसल्या. "आम्ही पण असंच म्हणायचो गं. कुठली सुटका न कुठलं काय."

मिलिंद हसला नाही. बशी शोधत राहिला.

संध्याकाळी प्रीतम पेढे घेऊन आला. कापडवाल्याचा भाचा, मिलिंदकडेच शिकलेला, आणि पहिल्या दणक्यात पास.

"भाई, ये क्या मजाक है?" तो सोफ्यावर बसायच्या आधीच सुरू झाला. "ऑडिट मला तू शिकवलं. मला एकसष्ट आणि तुला अडतीस? उत्तरपत्रिकेची कॉपी मागव. नक्की तपासणाऱ्याने घोळ घातलाय."

"नको," मिलिंद म्हणाला.

"मागव ना," संध्या दारातून म्हणाली. "बघूया तरी काय झालंय."

"नको म्हटलं ना. माझंच चुकलंय."

तो इतक्या चटकन बोलला की प्रीतमने पेढ्याचा बॉक्स गुपचूप पुढे सरकवला. बिचाऱ्याला लागलंय, हे त्याला कळलं.

अभ्यास पुन्हा सुरू झाला. सकाळी चपात्या लाटताना संध्या प्रश्न विचारायची. पुस्तक डब्याला टेकवलेलं, पानांवर पीठ. हा वेळ मिलिंदला दिवसातला सगळ्यात आवडायचा. कधीकधी येत असलेलं उत्तरही तो मुद्दाम सावकाश द्यायचा.

"कंपनी पुढे चालणार की बंद पडणार, हे ऑडिटरने कशावरून ओळखायचं?"

"कागदावर सगळं ठीकच दिसतं," मिलिंद म्हणाला. "पण मालकांचं आतून ठरलेलं असू शकतं. म्हणून त्यांनाच विचारायचं, पुढे चालवायचा इरादा आहे का."

संध्याचं लाटणं थांबलं. मग पुन्हा फिरू लागलं.

"एवढं सगळं येतं, मग पेपरात होतं काय तुला?"

"घाबरतो," तो म्हणाला.

मध्येच तिच्या बहिणीचा नाशिकहून फोन आला. आवाज बाहेरपर्यंत येत होता. खोली रिकामीच आहे, कधी येतेस, म्हणून ती विचारत होती.

"मिलिंदचा निकाल लागू दे," संध्या म्हणाली. "पास झाला की येतेच."

"जा गं जा," जनाबाई म्हणाल्या. "चार दिवस आराम कर. हाडाची काडं केलीस ह्याच्यापायी."

संध्या दोरीवरचे कपडे काढायला गेली.

पेपरच्या दिवशी तिने हाफ डे टाकला. जनाबाईंनी मिलिंदच्या हातावर दही-साखर ठेवली आणि संध्याने त्याला स्कूटीवरून उल्हासनगरच्या सेंटरला आणलं. गेटपाशी तिने त्याची कॉलर सरळ केली.

"ह्या वेळी होईल ना?"

"होईल."

"मी थकलेय रे, मिलिंद." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माहितीये मला," तो म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटलं.

पेपर सोपा निघाला. मोठा ताळेबंद पहिल्याच फटक्यात जुळला. शेजारचा मुलगा कॅल्क्युलेटर बडवत घामाघूम झाला होता. मिलिंदचा सगळा पेपर लिहून झाला, पुन्हा तपासूनही झाला. एकही चूक सापडली नाही. घंटेला अजून अवकाश होता.

बाबा गेले तेव्हा, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं पांगल्यावर संध्या त्याच्यासमोर बसली होती. रडली नव्हती, भांडलीही नव्हती. "मला हा संसार नको, मिलिंद," ती म्हणाली होती. "पण बाबांना शब्द दिलाय. तू पास होईस्तोवर मी थांबेन. तू पास झालास की मी जाणार."

मिलिंदने कंपासमधून पट्टी काढली. अडतीस मार्कांपुरतं लिहिलेलं ठेवलं आणि बाकीच्या बरोबर उत्तरांवर, गेल्या दोन्ही वेळेस मारली होती तशीच, आडवी रेघ मारली.