वेशीवरून न परतलेला पाणक्या

या, जवळ सरकून बसा. एका चुकीची गोष्ट सांगायची आहे. आहे लहानशी, पण मनात घोळत राहील.

सासरे संगणकासमोर बसले होते, सून शेजारच्या खुर्चीवर. पाच वाजेपर्यंत खेळ कंपनीला पाठवायचा होता. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एकट्याने रचलेला खेळ: तलवारी, मंतरलेली रानं, शेवटी गुहेतला ड्रॅगन. चुका तर इतक्या, की घोडा छपरावर चढून बसे आणि मेलेला राजा दरबारात जांभया देई. जाणकारांनी तेव्हा धू धू धुतलं होतं. तरी लोक खेळतच राहिले, म्हणून कंपनी आता तो नव्याने काढत होती. सहा महिने खपून सासऱ्यांनी एकेक चूक निस्तरली. उरली होती एकच.

पहिल्या गावात एक म्हातारा पाणक्या होता. वाटसरूला पाणी पाजायचं आणि वेशीवरून मागे फिरायचं, एवढंच त्याचं काम. पण मागे फिरण्याची आज्ञा लिहायचीच राहून गेली. मग तो रानात येई, लढाईत येई. ड्रॅगन आग ओकत असताना शेजारी घडा घेऊन उभा राही आणि म्हणे, "दमलास ना? घोटभर पाणी पी."

"याच्यावरून फार हसलेत लोक मला," सासरे म्हणाले. "आता नाही हसू द्यायचं. माझं नाव आहे त्यावर." त्यांनी राहिलेली ओळ लिहिली. "घे सूनबाई, खेळून बघ. तुझ्याइतकं कुणी खेळलेलं नाही."

"खेळ आधी पाहिला, तुमचा मुलगा नंतर. नाहीतर कोण होकार देतंय!"

"ऐकेल तो."

"ऐकू दे. माहीत आहे त्याला."

ती खेळू लागली. पाणक्या वेशीपर्यंत आला, वळला, निमूटपणे गावात निघून गेला. घोडा जमिनीवरून चालला. ड्रॅगन नेमका पडायचा तेव्हा पडला. बोट ठेवायला जागा नव्हती. सासऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

सून मात्र गुहेतून बाहेर पडेना.

"झालं की. आता काय बघतेस?"

"काही नाही, बाबा. अकराव्या वर्षी पाय मोडला होता माझा. तीन महिने अंथरुणावर. घरातले सगळे कामावर. तेव्हा मी रोज या गुहेत येऊन बसायचे."

"लढायला?"

"छे! ड्रॅगनला हात कोण लावतंय? दिवसभरात दमलास का म्हणून विचारणारा हा एकटाच. मी मुलगी आहे हे त्याला कुठे ठाऊक! पण विचारायचा."

पावणेपाच झाले होते. सासऱ्यांनी कळफलक स्वतःकडे ओढला आणि मघाची ओळ पुसून टाकली.

"बाबा, पुन्हा हसतील."

"हसू देत. चालू कर पुन्हा."

तिने केलं. गुहेत ड्रॅगन तेवढा होता, दुसरं कुणी नाही. तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "म्हातारा माणूस आहे. चालत येतोय."

मंडळी, तुम्हीही त्या पाणक्याची आठवण असू द्या. त्याला साधं नावसुद्धा कुणी दिलेलं नाही.