उशीतले दोरे

जांब समर्थहून आलेली एसटी जालन्याच्या स्टँडवर लागली तेव्हा मच्छिंद्र गाडीच्या दारापाशी उभा होता. तातेरावाने धाकट्या भावाला पाहिले आणि पायरीवरूनच विचारले, "तू इथं कशाला आला?"

"दादा, वहिनी गेल्या. दोन वाजता."

मागची माणसे उतरायला खोळंबली होती. कंडक्टर म्हणाला, "बाबा, जल्दी पुढं व्हा ना." तातेराव पुढे झाला. त्याच्या पिशवीत अर्धा नारळ होता आणि कागदात गुंडाळलेला एक लाल दोरा.

तातेरावाची बायको झुंबरबाई दोन महिने अंथरुणावर होती. पोटात गाठ निघाली तसे तिला धावड्याहून जालन्याला आणले. दवाखाना जवळ पडतो म्हणून तिथल्याच मस्तगड भागात तिच्या बहिणीच्या, सगुणाबाईच्या घरी ठेवले. डॉक्टरने महिन्याभरातच हात टेकले होते.

नवराबायकोने त्र्याऐंशी साली महानुभावांचा उपदेश घेतला होता. उपदेश घेतला की परमेश्वर एकच. दुसरीकडे नवस बोलायचा नाही, दुसरीकडचा दोरा बांधायचा नाही. झुंबरबाईने तो नेम मनापासून धरला. सकाळी चहाच्या आधी ती अर्धा तास नामस्मरणाला बसायची. तातेराव म्हणायचा, "तू बस. मी जनावरांचं बघून आलोच." ते बघून येणे पंधरा वर्षे चालले.

आजारपणात तिने एकच मागितले. "इथं तर जनावरं न्हाईत ना? मंग सकाळचा अर्धा तास माझ्याजवळ बसा. दोघं मिळून नाव घेऊ."

"उद्या बसतो," तो म्हणाला.

पण नुसते बसणे त्याला जमेना. बसून काय होणार, असे वाटायचे. कोणी एका देवीचे नाव सांगितले, तो गेला. कोणी मारुती सांगितला, कोणी दर्गा सांगितला, तिथेही गेला. सकाळची पहिली गाडी धरायची, दिवस मावळता परत यायचे. पाय सुजले. आणलेला दोरा तो तिचा डोळा लागला की उशीची शिवण उसवून आत घालायचा आणि शिवण पुन्हा घालून टाकायचा. असे सात दोरे झाले. जांब समर्थचा आठवा. तो पिशवीतच राहिला.

बारा दिवसांनी तातेराव तिचे सामान न्यायला मस्तगडला आला. सगुणाबाईने गाठोडे आणून ठेवले. वर ती उशी होती. त्याने हात लावला नाही.

"चहा घ्या, दाजी."

"सगुणा, तुझ्या बहिणीला मी मारली."

"काय बोलून राह्यले हे!"

"या उशीत सात दोरे हायेत. एका देवाचा म्हणवून मी सात दारं हिंडलो. देवाला हेवा वाटला असंल. माझ्यावरचा राग त्यानं तिच्यावर काढला."

सगुणाबाईने कप त्याच्यासमोर ठेवला. "दोऱ्यांचं मला ठाऊक हाय. अक्कालाबी ठाऊक व्हतं. पोतं शिवल्यावानी टाके तुमचे, ते काय लपतेत? गालाला टोचले तिच्या. मी काढाय लागले तर म्हणे, राहू दे, त्यांच्या जिवाला तेवढाच आधार."

तातेरावाने मान वर केली. "म्हणजे तिला राग न्हाई आला?"

"दोऱ्यांचा बिलकुल न्हाई आला." सगुणाबाईने पदराने उगाच कपाळ पुसले. "देवाचं मी काय सांगू, दाजी? पण हेवा अक्काला वाटायचा. तुम्ही गेले की दाराकडं तोंड करून पडायची. म्हणायची, 'सगळ्यांच्या दारात जाऊन राह्यले. मी इथं वाट बघून राह्यले, ते न्हाई दिसत त्यांना.' रोज सकाळी खाटेशेजारी तुमच्यासाठी सतरंजी टाकाय लावायची. गेली त्या दिवशीबी लावली."

सतरंजी कोपऱ्यात घडी करून ठेवलेली होती. तातेराव तिच्याकडे बघत राहिला. देव रागावला, असे त्याने बारा दिवस मनात धरले होते. देव वाट बघत असेल, हे त्याला पंधरा वर्षांत एकदाही सुचले नव्हते.

चहा तसाच राहिला. निघताना त्याने सतरंजी मागितली. सगुणाबाईने दिली.

दुसऱ्या दिवशी धावड्याला तो उजाडायच्या आत उठला. झुंबरबाई बसायची त्या जागी सतरंजी अंथरली. शेजारी उशी ठेवली. बसणार तेवढ्यात गोठ्यात म्हैस ओरडली. तिला चारा टाकून आला, तोवर मच्छिंद्राच्या घरून चहा आला होता. मग शेतात जायची वेळ झाली.

आता महिना झाला. दोरे उशीतच आहेत. सतरंजी रोज अंथरली जाते आणि रोज उचलली जाते. झुंबरबाईने मागितलेला सकाळचा अर्धा तास अजून द्यायचा राहिला आहे.