बोलिव्हियातली जीप

मिठाचं सरोवर बघायला जायचं विमान रद्द झालं, तेव्हा हेरंबने बोलिव्हियात ऐनवेळी भाड्याची जीप घेतली. "खंबाटकीचा घाट चढलेल्या माणसाला हे डोंगर म्हणजे टेकाडं!" त्याने बायकोपुढे, शर्वरीपुढे, फुशारकी मारली.

उजाड पठारावर हवा विरळ झाली आणि या शूरवीराने रस्त्याकडेला भडाभडा ओकून सीटवर अंग टाकलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. शर्वरीने स्टिअरिंग हाती घेतलं.

"तुला नाही झेपायचं," तो कण्हला.

"मग उतर आणि चालत ये."

तो सीटवरच आडवा राहिला. गावात पोचल्यावर मात्र त्याने भावाला फोन लावला. "काय भयंकर रस्ता होता! पण आणली बाबा गाडी."

शर्वरी फिसकन हसली. सकाळी त्याला पांघरुणात सोडून ती एकटीच जीप घेऊन मिठाच्या सरोवराकडे निघाली.