आस्ग्रीमचा शब्द

धाडीत आयर्लंडहून धरून आणलेली मुरेन आस्ग्रीम सरदाराची दासी होती. शेवटच्या दुखण्यात तिनंच त्याचं सगळं केलं. मरताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्यामागे हिला मोकळं करा."

तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, थोरगुन्नानं, स्वतः मुरेनचे केस विंचरले, आपला ठेवणीतला झगा तिच्या अंगावर चढवला.

"मालकीणबाई, एवढं कशाला?" मुरेनचे डोळे भरून आले.

"अगं, दासीच्या कपड्यांत कशी जाशील? चल, नाव तयार आहे."

घरी आई ओळखेल का, या विचारातच मुरेन किनाऱ्यावर पोचली.



नाव वाळूवरच होती. खाली सुकी लाकडं रचली होती आणि आत आस्ग्रीमच्या प्रेताशेजारी एकीपुरती जागा राखून ठेवली होती.